न भरलेली मैफल

‘परवरदिगार’ नावाचं एक इंग्रजी गाणं आहे. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या ‘हू केम फर्स्ट’ या रेकॉर्डवरचं ते शेवटचं गाणं. गाणारा पीट टाउनशेंड, म्हणजे स्टेजवर गिटार आपटून तिचे तुकडे करण्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार. गाण्याचा मजकूर मात्र मूळचा त्याचा नाही. तो मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर बेतलेला आहे. मेहेरबाबा आपल्या पुण्याचे, आणि त्यांची समाधी अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) अरणगावच्या मेहेराबादला आहे. आमच्या घरांत दुआ मागताना रोज तोंडी येणारा हा फारसी शब्द लंडनच्या रॉक रेकॉर्डवर कसा पोहोचला, एवढंच पाहायचं म्हणून मी या प्रकरणाच्या मागे लागलो. पण त्याच रेकॉर्डच्या पहिल्या गाण्यानं मला दुसरीकडे नेलं. ‘प्युअर अँड ईझी’ हे ते गाणं. ते ज्या कामासाठी लिहिलं होतं ते काम कधी पुरं झालंच नाही. आणि त्या न झालेल्या कामाच्या अवशेषांतून ‘द हू’चा सगळ्यात गाजलेला अल्बम उभा राहिला.

त्या कामाचं नाव ‘लाइफहाउस’. अल्बमचं नाव ‘हूज नेक्स्ट’, साल १९७१.

पाश्चात्त्य संगीतावरच्या लेखनात ही हकीकत ठरलेल्या चालीवर सांगितली जाते. एक महत्त्वाकांक्षी तरुण, कुणालाच न कळलेली विज्ञानकथा, खचलेलं मन आणि मग एका व्यवहारी ध्वनिमुद्रकानं वाचवलेली गाणी. यात खोटं काही नाही. पण एक धागा त्यात नेहमी तळटीपेत ढकललेला असतो. ‘भारतीय गुरूचा प्रभाव’ एवढ्या तीन शब्दांत तो संपवतात. हा गुरू कुणाच्या परंपरेतून आला, त्या तरुणाच्या हातात कुणाचं पुस्तक होतं, हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटत नाही. मला वाटते. कारण टाउनशेंड जे बांधू पाहत होता ते आपल्याकडे आठशे वर्षांपासून चालत आलेलं आहे. आपण त्याला समा म्हणतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मे १९६९ मध्ये ‘द हू’चा ‘टॉमी’ हा अल्बम आला. एका मुक्या-बहिऱ्या-आंधळ्या मुलाची सलग कथा त्यात होती. हे ‘रॉक ऑपेरा’ प्रकरण अफाट चाललं आणि कर्जात बुडालेला बँड श्रीमंत झाला. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावर मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. टाउनशेंड त्यांचा भक्त झाला होता, पण त्यांची भेट मात्र कधी झाली नाही. ३१ जानेवारी १९६९ रोजी, ‘टॉमी’ बाजारात यायच्या आधीच, बाबांचं निधन झालं.

मेहेरबाबांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. १८९४ साली पुण्यात पारशी-इराणी कुटुंबात जन्म, शिक्षण डेक्कन कॉलेजात. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते हजरत बाबाजान यांच्यामुळे. पुणे कॅम्पात चारबावडीला कडुनिंबाच्या झाडाखाली बसणारी ही पठाण म्हातारी. १९१३च्या सुमारास सायकलवरून जाणाऱ्या कॉलेजकुमार मेरवानला तिनं जवळ बोलावलं आणि तो पुढे तिच्याकडे रोज जाऊन बसू लागला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा या सगळ्यांचा सहवास घेतला. महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवून हे पाहिलं की या मातीतली सरमिसळ किती खोल होती ते कळतं. बाबाजान १९३१ साली गेल्या. त्यांची दर्गा आजही पुण्यात रस्त्यातच आहे, गाड्या तिला वळसा घालून जातात.

मेहेरबाबांनी स्वतःला अवतार म्हणवलं. ते माझ्या अकीद्यात बसत नाही आणि ते इथं आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. पण त्यांच्या ‘गॉड स्पीक्स’ या पुस्तकाची पानं उलटली तर फना, बका असे शब्द वेदान्ताच्या शब्दांना लागून येतात. तसव्वुफची भाषा त्यांच्या बोलण्याच्या मुळाशी होती. ‘बोलण्याच्या’ हेही म्हणायचं म्हणून. १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत ते बोललेच नाहीत. सुरुवातीला अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि नंतर हाताच्या खुणांनी त्यांनी सगळं सांगितलं. जगातल्या सगळ्यात कर्कश बँडमधल्या माणसानं गुरू केला तो चव्वेचाळीस वर्षं मौन पाळणारा!

दुसरा धागा बडोद्याचा. हजरत इनायत खान यांचा जन्म १८८२ साली बडोद्यात, गायकवाडांच्या मराठी संस्थानात झाला. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी तिथली गायनशाळा सुरू केली होती. इनायत खान वीणा वाजवत, गात. हैदराबादला सय्यद अबू हाशिम मदनी यांच्याकडून त्यांनी चिश्ती सिलसिल्याची दीक्षा घेतली आणि सप्टेंबर १९१० मध्ये मुंबईहून जहाजानं पश्चिमेला गेले. सुरुवातीला मैफली केल्या, पुढे वादन सोडलं आणि फक्त व्याख्यानं दिली. नाझींनी ज्यांना दाखाऊच्या छळछावणीत मारलं त्या नूर इनायत खान त्यांच्याच कन्या. इनायत खान यांची सूर आणि नादाबद्दलची व्याख्यानं ‘द मिस्टिसिझम ऑफ साउंड’ या पुस्तकात आहेत. अस्तित्व म्हणजे स्पंदन आहे, प्रत्येक जीवाचा आपला एक सूर आहे आणि तो एका मोठ्या सुराशी जुळू शकतो, असा त्यातल्या विचाराचा गाभा. टाउनशेंडनं हे पुस्तक वाचलं होतं आणि ‘लाइफहाउस’ त्यातून आलं हे तो सांगत आला आहे.

हे दोन धागे अमेरिकेत आधीच एकत्र आले होते. इनायत खान यांच्या तिथल्या पहिल्या मुरीद राबिया मार्टिन पुढे मेहेरबाबांकडे वळल्या. त्यांच्या वारसदार आयव्ही ड्यूस यांनी तो गट बाबांच्या स्वाधीन केला आणि १९५२ साली ‘सुफिझम रिओरिएंटेड’ ही संस्था उभी राहिली. म्हणजे टाउनशेंडनं दोन वेगळ्या दुकानांतून दोन वस्तू आणल्या असं नव्हतं. त्या एकाच बाजारातल्या होत्या.

आता ‘लाइफहाउस’ची कथा. १९७०च्या उत्तरार्धात टाउनशेंड ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात सदर लिहीत होता, त्यात या कल्पनेचे पहिले तुकडे दिसतात. भविष्यकाळ आहे. हवा इतकी विषारी झालीय की लोक खास पोशाखांत बंद होऊन घरात पडून असतात. हे पोशाख ‘ग्रिड’ नावाच्या एका जाळ्याला जोडलेले. अन्न, झोप, करमणूक, सगळे अनुभव त्या जाळ्यातूनच मिळतात आणि ते जाळं सत्ताधाऱ्यांच्या हातात आहे. रॉक संगीतावर बंदी आहे. जाळ्याबाहेर थोडे शेतकरी स्कॉटलंडकडे राहतात. त्यांतल्या रे आणि सॅली या जोडप्याची मुलगी मेरी घरातून पळून लंडनकडे निघते, कारण तिथं बॉबी नावाचा एक तरुण ‘लाइफहाउस’ नावाच्या जागी गुपचूप मैफल भरवतोय. येणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा सूर तो शोधून काढतो. शेवटी सगळ्यांचे सूर मिळून एकच सूर लागतो. फौज दारं फोडून आत शिरते, तेव्हा तिथं कुणीच नसतं. मैफलीतले सगळे, आणि घराघरांत पोशाखांत पडून ती मैफल ऐकणारेही, नाहीसे झालेले असतात.

आजकाल या कथेची आठवण निघते ती ‘त्यानं इंटरनेटचं भाकीत केलं होतं’ म्हणून. असेल. मला ती चर्चा फारशी महत्त्वाची वाटत नाही. माझी नजर शेवटावर खिळते. सूर लागला आणि माणसं नाहीशी झाली. इंग्रजी समीक्षकांना हा शेवट अतर्क्य वाटत आला. पण ज्यानं ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या वफातीचा किस्सा ऐकला आहे त्याला तो नवा नाही. १२३५ साली दिल्लीत समाच्या मैफलीत अहमद-ए-जाम यांचा एक शेर कव्वालानं म्हटला आणि ख्वाजा हाल मध्ये गेले. तोच शेर पुन्हा पुन्हा म्हणवून घेत काही दिवस त्याच अवस्थेत राहिले आणि त्यातच गेले. फना म्हणजे दुसरं काय असतं? टाउनशेंडनं तिला विज्ञानकथेचा पोशाख चढवला एवढंच. आणि बंदीचं म्हणाल तर, समा जायज आहे की नाही याचा जाब हजरत निजामुद्दीन औलियांनाही गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर द्यावा लागला होता.

समाची एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तिथं गाणं एकतर्फी नसतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला एखाद्या ओळीवर हाल आला, तर कव्वाल पुढे जात नाही. तीच ओळ घोळवत राहतो, तो माणूस परत येईपर्यंत. म्हणजे मैफल किती चालेल, कुठं थांबेल, कोणती ओळ किती वेळा येईल हे ऐकणारा ठरवतो. टाउनशेंडला नेमकं हेच हवं होतं आणि ते त्याला यंत्रानं करायचं होतं. श्रोत्याची माहिती, त्याची उंची, वजन, स्वभाव, जन्मवेळ, सिंथेसायझरला पुरवायची आणि त्यातून त्या माणसाचं संगीत काढायचं. असे अनेक जण, अनेक महिने, एकाच जागी. बँड त्यांच्यासोबत वाढेल, गाणी तिथंच तयार होतील, आणि या सगळ्याचं चित्रीकरण होऊन चित्रपट बनेल.

जागा मिळाली ती लंडनचं ‘यंग व्हिक’ हे तेव्हा नवंकोरं असलेलं नाट्यगृह. जानेवारी १९७१ मध्ये पत्रकारांना बोलावून योजना जाहीर झाली. काही महिन्यांत ती बारगळली.

इमाम गझालींनी जुनैद बगदादींचं म्हणून एक सूत्र नोंदवलं आहे, की समाला तीन गोष्टी लागतात: जमान, मकान आणि इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. यंग व्हिकमध्ये काय झालं हे या तिन्हींच्या उजेडात पाहिलं तर मला सगळं उलगडतं. जागा त्यांची नव्हती. नाट्यगृहाला स्वतःची नाटकं होती, त्यामुळे महिनोनमहिने मुक्काम टाकायची गोष्टच नव्हती, मधले मोकळे दिवस तेवढे मिळाले. वेळ नव्हती, कारण बँड जगभर कार्यक्रम करून पोट भरणारा होता आणि चित्रपट कंपनीला कागदावर काहीतरी दाखवायचं होतं. पण खरा घोळ सोबत्यांचा. रस्त्यावरून येतील त्यांना आत घेतलं होतं. आलेल्या पोरांना स्वतःचा सूर वगैरे शोधायचा नव्हता. ‘द हू’ फुकटात ऐकायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी जुनी गाणी मागितली. बँडनं ती वाजवली. बिचारे दुसरं करणार तरी काय?

आणि बँडमध्ये तरी इख्वान होते का? गायक रॉजर डाल्ट्री, बास वाजवणारा जॉन एंटविसल, ड्रमवरचा कीथ मून, तिघंही एकेक अस्सल कलाकार. पण टाउनशेंड समजावून सांगायचा आणि ते बुचकळ्यात पडायचे. प्रत्येक वेळी तो आणखी समजावून सांगायचा आणि कथा आणखी गुंतायची. दर्ग्यात कव्वाल कुणाला फना समजावत बसत नाही. हार्मोनियम उघडतो आणि सुरू करतो. त्याच्यामागे पिढ्यांची तालीम आणि समोर अदब माहीत असलेले लोक असतात. टाउनशेंड पंचवीस वर्षांचा होता आणि त्याला ही सगळी परंपरा एकट्यानं, एका हिवाळ्यात, शून्यातून उभी करायची होती. मला त्याची कीव येते, आणि हेवाही वाटतो.

एक माणूस या गोंधळातून वाट काढू शकला असता. किट लॅम्बर्ट, बँडचा मॅनेजर आणि ‘टॉमी’चा निर्माता. टाउनशेंडच्या विस्कळीत कल्पनांना आकार देणारा हाच. पण लॅम्बर्टला ‘टॉमी’चा चित्रपट करायचा होता. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या डोक्यात ‘टॉमी’ आणि ‘लाइफहाउस’ यांची सरमिसळ झाली होती, असं टाउनशेंडनं पुढे सांगितलं. मार्च १९७१ मध्ये बँड न्यूयॉर्कला ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओत लॅम्बर्टकडे ध्वनिमुद्रणासाठी गेला. तोवर लॅम्बर्ट हेरॉइनच्या आहारी गेलेला होता आणि दोघांतलं नातं फाटत चाललं होतं. तिथल्या हॉटेलात टाउनशेंडनं त्याला आपल्याबद्दल तुसडेपणानं बोलताना ऐकलं आणि तो कोलमडला. आपण उघड्या खिडकीकडे चालू लागलो होतो आणि एका सहकारी स्त्रीनं अडवलं, असं त्यानंच नंतर लिहिलं आहे. तिथलं ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून सगळे लंडनला परतले.

मग आला ग्लिन जॉन्स. बीटल्स, रोलिंग स्टोन्स यांच्यासोबत काम केलेला ध्वनिमुद्रक. त्यानं कथा वाचली आणि स्पष्ट सांगितलं की मला यातलं काही कळलं नाही, पण गाणी फार चांगली आहेत. दोन रेकॉर्डचा संच सोडा, एकच रेकॉर्ड करू आणि कथा बाजूला ठेवू.

याला मी मसनवीची गझल करणं म्हणेन. मसनवीत प्रत्येक शेर कथा पुढे नेतो, एक काढला तर पुढचा लंगडतो. गझलेचा शेर कुणाचा आधार मागत नाही. जॉन्सनं मसनवीतून असे शेर निवडले जे एकटे उभे राहू शकत होते. एप्रिलमध्ये मिक जॅगरच्या ‘स्टारग्रोव्ह्ज’ या घरी, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओवर, ‘वोंट गेट फूल्ड अगेन’ मुद्रित झालं आणि बाकीचं काम जूनपर्यंत लंडनच्या ‘ऑलिम्पिक’ स्टुडिओत संपलं. त्याच एप्रिलच्या २६ तारखेला यंग व्हिकमध्ये एक कार्यक्रम झाला, तोही त्याच फिरत्या स्टुडिओवर मुद्रित केला गेला. योजनेतून तेवढंच शिल्लक राहिलं होतं. ऑगस्टमध्ये ‘हूज नेक्स्ट’ बाजारात आला. नऊ गाणी, त्यांतली आठ ‘लाइफहाउस’ची. नववं एंटविसलचं ‘माय वाइफ’, बायकोला घाबरलेल्या नवऱ्याचं विनोदी गाणं, त्याचा ग्रिडशी की सुराशी काही संबंध नाही. ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला ‘द हू’चा हा एकमेव अल्बम.

कथा काढून घेतल्यावर गाण्यांचं काय झालं हे पाहण्यासारखं आहे. ‘बिहाइंड ब्लू आइज’ मुळात खलनायकाच्या तोंडी होतं. कथा गेली, खलनायक गेला आणि लोकांना ते एकाकी माणसाचं आत्मकथन वाटू लागलं. आज जगभर ते तसंच ऐकलं जातं. ‘गोइंग मोबाइल’ हा प्रदूषणानं मरू घातलेल्या देशात गाडीतून भटकणाऱ्याचा सूर होता, तो नुसता प्रवासाचा आनंद झाला. ‘बार्गेन’ ऐकून शंभरातल्या नव्वद जणांना ते प्रेयसीसाठीचं गाणं वाटतं. तसं ते नाही, ते खुदासाठी आहे. सगळं गमावून तो मिळत असेल तर सौदा स्वस्तातला, अशी त्याची कल्पना, आणि टाउनशेंडनं ती मेहेरबाबांच्या शिकवणीशी जोडलेली आहे. इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी यांची ही घालमेल उर्दू वाचकाला शिकवावी लागत नाही. लंडनच्या ऐकणाऱ्याला मात्र तळटीप द्यावी लागते.

सगळ्यांत जास्त चर्चा होते ती पहिल्या गाण्याची, ‘बाबा ओ’रायली’ची. ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. ‘ओ’रायली’ म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. मूळ कल्पना अशी की बाबांच्या आयुष्याची माहिती सिंथेसायझरला द्यायची आणि बाहेर येईल ते त्यांचं संगीत. गाण्याच्या सुरुवातीचा तो अखंड झरणारा ठेका ऐकून अनेकांना वाटतं की ते याच प्रयोगातून आलं. प्रत्यक्षात तो आवाज घरगुती वापराच्या लॉरी ऑर्गनचा आहे. त्या ऑर्गनमध्ये मारिंबासारखा सूर आपोआप घोटवणारी एक कळ होती, ती दाबून टाउनशेंडनं रायलीच्या धर्तीवर हातांनी वाजवलं. जन्मकुंडलीवरून संगीत काढणारं यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. शेवटचं व्हायोलिन डेव्ह आर्बसचं आणि ते घालायची कल्पना कीथ मूनची. गाण्याचे शब्द शेतकरी रेचे, बायकापोरांना घेऊन लंडनकडे निघालेल्या बापाचे. पण हे आता कुणाला ठाऊक असतं?

टेरी रायलीचं नाव आलं म्हणून एक आडवाट घेतो. सूर घोटत, तोच तुकडा हळूहळू बदलत नेणारं संगीत रायली साठच्या दशकात रचू लागला होता. १९७० साली त्यानं पंडित प्राणनाथ यांचा गंडा बांधला. प्राणनाथ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द, म्हणजे घराणं किराना. याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दरवर्षी गाणं होतं. किरान्याची ओळख एका शब्दात सांगायची तर सूर. एकेका स्वरावर मुक्काम करायचा, त्याच्या आतल्या बारीक श्रुती धुंडाळायच्या, ताना-पलट्यांची घाई नाही. टाउनशेंडच्या गाण्यात किराना शोधायला जाणं हा वेडेपणा होईल, ते मी करणार नाही. पण १९७० साली कॅलिफोर्नियापासून लंडनपर्यंत ज्याला ‘एकच सूर’ या गोष्टीची ओढ लागली होती तो कुठल्या ना कुठल्या रस्त्यानं बडोदा, मिरज किंवा पुणे कॅम्पाकडे निघालेला होता, एवढं नक्की.

आता मूळ मुद्द्याकडे. जॉन्सचा निर्णय बरोबर होता असंच मी मानतो. दोन रेकॉर्डचा ‘लाइफहाउस’ निघाला असता तर लोकांनी आदरानं विकत घेऊन कपाटात ठेवला असता. पण ‘हूज नेक्स्ट’ नुसता चांगल्या गाण्यांचा गठ्ठा का वाटत नाही, याचंही उत्तर द्यायला हवं. ‘गेटिंग इन ट्यून’ असो की ‘बार्गेन’, प्रत्येक गाणं जणू एका मोठ्या वाक्यातून उचललेलं आहे आणि ते वाक्य आपल्याला ऐकू येत नाही. सगळी गाणी एकाच दिशेला पाहतायत, आणि तिथं काय आहे ते आपल्याला दिसत नाही. एकेक सुटं गाणं लिहून हे साधत नाही. त्यासाठी आधी आख्खी मसनवी लिहून मोडावी लागते.

माझी तक्रार एकच. एका सुराबद्दलचं, साऱ्या ‘लाइफहाउस’ची किल्ली असलेलं ‘प्युअर अँड ईझी’ त्यांनी रेकॉर्डवर घेतलं नाही. बँडनं ते मुद्रित केलं होतं, पण बाहेर आलं १९७४ साली ‘ऑड्स अँड सॉड्स’ या उरल्यासुरल्या गाण्यांच्या रेकॉर्डवर. पण ‘द साँग इज ओव्हर’ शेवटपर्यंत, अगदी आवाज विरत जाईपर्यंत ऐका. तिथं डाल्ट्री ‘प्युअर अँड ईझी’ची एक ओळ गातो. ज्यानं मूळ गाणं ऐकलेलं नाही त्याला कळणारही नाही की ही ओळ दुसऱ्या घरची आहे. १९७१ च्या श्रोत्यांना तर कळणं शक्यच नव्हतं.

त्या वर्षांत बँडनं अर्धवट टाकलेलं हे एकच काम नव्हतं. १९७० साली टाउनशेंडच्या घरच्या स्टुडिओत एका छोट्या रेकॉर्डसाठी गाणी केली होती, ती तशीच राहिली. त्यांतलं ‘आय डोन्ट ईव्हन नो मायसेल्फ’ पुढे ‘वोंट गेट फूल्ड अगेन’च्या मागच्या बाजूला लागलं. १९७२ मध्ये जॉन्ससोबत पुढचा अल्बम सुरू झाला आणि तो ‘हूज नेक्स्ट’ची नक्कल वाटतोय म्हणून सोडून दिला. त्यातली ‘इज इट इन माय हेड’ आणि ‘लव्ह रेन ओ’र मी’ ही गाणी १९७३च्या ‘क्वाड्रोफेनिया’त गेली. ‘लाइफहाउस’चे तुकडेही पसरत राहिले. ‘लेट्स सी अॅक्शन’, ‘जॉइन टुगेदर’, ‘रिले’ अशी सुटी गाणी आली. १९७२च्या सुरुवातीला टाउनशेंड मेहेराबादला येऊन समाधीपुढे माथा टेकवून गेला, आणि त्याच वर्षी ‘हू केम फर्स्ट’वर ‘प्युअर अँड ईझी’ त्यानं स्वतःच्या आवाजात दिलं.

कथा त्याला सोडवत नव्हती. १९९९च्या डिसेंबरमध्ये बीबीसी रेडिओ ३ वर ‘लाइफहाउस’चं नभोनाट्य झालं. २००० साली त्यानं सहा सीडींचा ‘लाइफहाउस क्रॉनिकल्स’ हा संच काढला, जुनी घरची ध्वनिमुद्रणं, नाटक, सगळं त्यात घातलं. २०२३ साली बँडच्या नावानं आणखी मोठा संच आणि सोबत चित्रकादंबरी आली.

आणि ते यंत्रसुद्धा झालं. २००७ साली संगीतकार लॉरेन्स बॉल यांच्यासोबत टाउनशेंडनं ‘लाइफहाउस मेथड’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तुम्ही स्वतःबद्दलची थोडी माहिती द्यायची, आवाज, चित्र, ठेका पुरवायचा आणि यंत्र तुमचं स्वतःचं संगीत तयार करून द्यायचं. छत्तीस वर्षांपूर्वी यंग व्हिकमध्ये जे जमलं नव्हतं ते आता कुणालाही घरबसल्या मिळू लागलं. लोकांनी माहिती भरली, आपापलं संगीत घेतलं, आपापल्या कॉम्प्युटरवर ऐकलं. ते सगळं एकत्र वाजवणारी मैफल मात्र झाली नाही. काही काळानं ते संकेतस्थळही बंद झालं.